चाळिशीत कळतंय की मला बहुतेक अस्पर्जर आहे, आता करू काय?

प्रश्न : ताई, माझं वय ४१, लग्न झालंय, ११ वर्षांची मुलगी आहे. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात टीम लीडर झाले आणि तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय. दिवसभर मीटिंगा, मग घरी आले की बाथरूममध्ये लाइट न लावता नुसती बसून राहते. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइलवर वाचत होते, त्यात अस्पर्जर सिंड्रोमबद्दल, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराबद्दल, वाचलं आणि अंगावर काटाच आला, कोणीतरी माझ्यावरच लिहिलंय असं वाटलं. मी फोन करायच्या आधी वाक्यं कागदावर लिहून काढते. शर्टाचं लेबल कापल्याशिवाय तो अंगावर सहन होत नाही. लहानपणापासून शिष्ट, माणूसघाणी, फटकळ हेच ऐकत आले. मैत्रिणीचे वडील गेले तेव्हा भेटायला गेले आणि तिला समजावत बसले की मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेव, बँकेत वगैरे लागतात. नंतर दुसरी एक मैत्रीण म्हणाली, अगं तुला मन आहे का नाही. ऑनलाइन टेस्ट दिली तर ५० पैकी ३८ आले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "आजकाल सगळ्यांनाच काहीतरी असतं. नोकरी करतेस, संसार करतेस, तुला कसला ऑटिझम?" मलाही वाटतं की मी फक्त कारण शोधतेय का? या वयात डॉक्टरकडे जाऊन काय मिळणार? ऑफिसात सांगू का? आणि मुलगी बरीच माझ्यासारखी आहे, तिचं काय?

उत्तर : आधी तुमच्या मिस्टरांच्या वाक्याकडेच येऊ, कारण तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय असं दिसतंय. नोकरी करतेस, संसार करतेस, मग कसला ऑटिझम. वाईट बुद्धीने बोलले असतील असं नाही, घाबरून बोलले असतील, पण त्यात एक गोम आहे. ते बघतायत वरून काय दिसतं ते. आणि वरून सगळं ठीकच दिसतंय, कारण ते ठीक दिसावं म्हणून तुम्ही गेली तीसेक वर्षं राबताय. फोनच्या आधी कागदावर लिहिलेली वाक्यं त्यांनी कधी बघितलीत का? मीटिंगमध्ये आता हसायचं, आता मान डोलवायची, आता समोरच्याच्या डोळ्यात बघायचं पण जास्त वेळ नाही, हा जो हिशोब तुमच्या डोक्यात सतत चालू असतो तो त्यांना कुठून दिसणार? आपल्यात म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. ताकदीचं पण तसंच आहे. दिवसभर बाकी सगळं निभावून नेता येतं, संध्याकाळी खिसा रिकामा झाला की मग बाथरूममध्ये अंधारात बसायची वेळ येते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की "मी ऑटिस्टिक आहे की नाही" हे ठरवताना तुम्ही कशा दिसता यावरून नका ठरवू, तसं दिसायला तुम्हाला किती जड पडतं यावरून बघा. या दडवण्याला मास्किंग म्हणतात. आणि हे माझं काही खास मत नाहीये, निदानाच्या अमेरिकन नियमावलीत, म्हणजे डीएसएममध्ये, हे सरळ लिहिलंय की लक्षणं लहानपणापासून असली पाहिजेत, पण बाहेरून होणारी मागणी माणसाच्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत असं होऊ शकतं, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. आता तुमचं प्रमोशन आठवा. आधी एकटीचं काम होतं, ते उत्तम जमत होतं, आता माणसं सांभाळायची आहेत. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी बिघडला नाहीत हो, तुमच्यावरची मागणी वाढली. पहिल्यांदाच हे वाचलं आणि पटलं ते नेमकं या वेळीच का, त्याचं उत्तरही बहुतेक यातच आहे.

आता टेस्टबद्दल. ५० प्रश्नांची म्हणजे बहुतेक एक्यू असणार, ऑटिझमची लक्षणं किती ते मोजणारी प्रश्नावली, केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये काढलेली. त्यांच्या पहिल्या अभ्यासात निदान झालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त मार्क पडले होते आणि इतर लोकांमध्ये हे प्रमाण फक्त २ टक्के होतं, त्यामुळे ३८ हा आकडा उगाच नाही. पण तो आकडा म्हणजे निदानही नाही. ज्यांना सतत चिंतेचा त्रास असतो त्यांचे मार्कसुद्धा यात वर जातात, आणि रात्री दोन वाजता "हे तर माझंच वर्णन" या मूडमध्ये टेस्ट दिली की उत्तरं जरा त्या बाजूला झुकतातच, माणूस आहे शेवटी. त्या टेस्टचा उपयोग एवढाच की पुढे जाऊन नीट तपासायला हरकत नाही. परत परत वेगवेगळ्या टेस्ट देत बसू नका, त्यातून नवीन काही कळत नाही, फक्त झोप जाते.

त्यापेक्षा एक वही घ्या आणि लिहायला लागा. किती मार्क ते नाही, प्रसंग लिहा. प्राथमिक शाळेत मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे असायचात? खेळात घेतलं नाही म्हणून वाईट वाटायचं की एकटीलाच बरं वाटायचं? कोणता विषय डोक्यात शिरला की महिनोन्महिने दुसरं काही सुचायचं नाही? ठरलेला बेत ऐनवेळी बदलला की काय व्हायचं? कुठले आवाज, कुठले कपडे, कुठले वास नकोसे व्हायचे? कारण ऑटिझममध्ये दोन बाजू लागतात, नुसतं माणसांत मिसळणं जड जाणं पुरत नाही, त्यासोबत एकसारखेपणाचा हट्ट, एखाद्या गोष्टीची टोकाची आवड, ठराविक हालचाली किंवा तेच तेच करणं, आवाज-प्रकाश-स्पर्श यांचा वेगळाच अनुभव, या चारातल्या निदान दोन गोष्टी असाव्या लागतात. लेबलवाला शर्ट त्यात बसतो. बाकीचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून विचारतेय.

लहानपणाचा आग्रह का, तर वरून अगदी असंच दिसणारं दुसरंही खूप काही असतं. सोशल अँग्झायटी असलेल्या माणसाला बरेचदा काय बोलायचं ते माहीत असतं, पण लोक काय म्हणतील या भीतीने तोंड उघडत नाही. ऑटिस्टिक माणसाला बरेचदा तो इशाराच मिळत नाही, घरी गेल्यावर, कधीकधी दोन दिवसांनी, ट्यूब पेटते की अरे तिला तर ते म्हणायचं होतं. (आणि असं चारदा झालं की मग भीतीही बसते, म्हणून दोन्ही एकत्र असणारे खूप जण असतात.) एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा स्थिर बसणं जड जाणं, असू शकतं, २०१३ पर्यंत डीएसएमच्या नियमाप्रमाणे ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन निदानं एकाच माणसाला देताच येत नव्हती, आता देतात. डिप्रेशनमध्येही माणूस माणसं टाळतो, लहानपणी घरात फार मार किंवा भीती असेल तर त्याचेही परिणाम असेच दिसतात. गूगल हे वेगळं करून देऊ शकत नाही, आणि मी पण पत्रावरून नाही देऊ शकत. हे जाणकार माणसाने समोर बसून करायचं काम आहे.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, नाहीतर डॉक्टरांकडे गेल्यावर गोंधळाल. कागदावर तुम्हाला "अस्पर्जर" हे निदान आता बहुतेक मिळणारच नाही. हान्स अस्पर्जर हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ, त्यांनी १९४४ मध्ये चार मुलांबद्दल सविस्तर लिहिलं, चारही मुलगेच. १९८१ मध्ये लोर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ते काम पुढे आणलं आणि तिथून हे नाव रुळलं, त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. १९९४ मध्ये ते डीएसएममध्ये आलं आणि २०१३ मध्ये काढून टाकलं, कारण अस्पर्जर आणि बाकीचा ऑटिझम यांच्यातली रेषा प्रत्येक डॉक्टर वेगळ्याच ठिकाणी मारत होता. आता सगळं मिळून ऑटिझम स्पेक्ट्रम, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही तसंच, ती २०२२ पासून लागू झाली. शिवाय २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने जुने कागद काढून दाखवलं की नाझी काळात अस्पर्जरनी काही मुलांना अशा संस्थेत पाठवलं होतं जिथे अपंग मुलांना मारून टाकत, त्यामुळे हे नाव आता अनेकांना स्वतःला लावून घ्यायला नको वाटतं. पण ज्यांना ते नाव आपलं वाटतं त्यांच्याशी मी भांडत नाही, तुम्ही काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आणि त्या चार मुलग्यांवरून आठवलं, तुम्ही पत्राच्या ओघात विचारलं नाहीत पण तुमच्या मनात असणार की मग इतकी वर्षं कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही. आई, शाळेतल्या बाई, कोणीच कसं नाही? खूप जणींना निदानानंतर याचाच सगळ्यात जास्त राग येतो, आनंद आणि राग आणि रडू, सगळं एकदम. पण विचार करा, तुम्ही शाळेत होतात तेव्हा अस्पर्जर हे नाव नियमावलीत यायला सुरुवातच होत होती, डॉक्टरांच्या डोळ्यासमोर चित्र होतं ते मुलग्यांचं, आणि मुलगी शांत आहे, मार्क चांगले आहेत, कोणाला त्रास देत नाही म्हटल्यावर बाईंना ती आवडतेच. त्रास तुम्हाला होत होता, दुसऱ्या कोणाला होत नव्हता, म्हणून कोणाला दिसला नाही. राग येऊ दे. फक्त तो सगळा आईवर काढू नका, कारण पुढे त्यांची मदत लागणार आहे, ते सांगतेच.

मैत्रिणीच्या वडिलांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावर मी जरा थांबले. तुम्हाला मन नाही म्हणे. अहो, जिचे वडील गेलेत तिच्याकडे जाऊन बाकीचे सगळे "फार वाईट झालं" म्हणून घरी गेले, पुढच्या पंधरा दिवसांत तिला कुठल्या रांगेत उभं राहावं लागणार आहे याचा विचार त्या खोलीत फक्त तुम्ही केला होता. वेळ चुकली हे खरं. तो विषय चार दिवसांनी काढायला हवा होता, त्या दिवशी नुसतं शेजारी बसायचं होतं. पण वेळ न कळणं आणि मन नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं वेगळं आणि ते कळल्यावर आपल्याला वाईट वाटणं वेगळं, पहिल्यात तुम्ही अडखळत असाल, दुसऱ्यात नाही. शिवाय ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना स्वतःला नक्की काय वाटतंय तेच नीट सांगता येत नाही, पोटात काहीतरी होतंय इतकंच कळतं, याला अलेक्सिथिमिया म्हणतात. डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला तो मला फार पटतो, की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही तसंच इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही, पण दोष मात्र एकालाच दिला जातो. तुमच्या त्या दुसऱ्या मैत्रिणीला तुमची काळजी दिसलीच नाही ना? मग तिलाही कोणीतरी विचारायला हवं होतं.

मात्र याचा अर्थ असा नाही की आता कोणी दुखावलं तर "मी अशीच आहे" म्हणून मोकळं व्हायचं. तुम्ही विचारलंत ना, कारण शोधतेय का म्हणून. कारण शोधणं चांगलंच आहे, कारण कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. कारण पुढे करून हात झटकले तर ती सबब. फरक साधा आहे. नवरा चिडून म्हणाला "राहू दे, मी करतो" आणि तुम्ही खरोखरच राहू दिलंत, मग रात्रभर अबोला, असं तुमच्याकडेही होत असणार, मी पैज लावते. तेव्हा "मला काय माहीत, तूच म्हणालास राहू दे" ही झाली सबब. "तू चिडून म्हणत होतास ते मला कळलं नाही, सॉरी, पुढच्या वेळी मदत हवी असेल तर सरळ मदत हवी असं म्हण, मी करीन" हे झालं कारण. दुसऱ्या वाक्यात माफीही आहे आणि वाटही.

मिस्टरांशी बोलताना निदानाच्या नावापासून सुरुवात करू नका, परत तोच वाद होईल. वहीतलं एक पान वाचायला द्या. एक दिवस निवडा, ऑफिसचा एखादा भरगच्च दिवस, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठे कुठे ताकद गेली ते लिहा, ट्यूबलाइटची घरघर, तिघं एकदम बोलत होते, कोणीतरी जोक केला आणि मी एक सेकंद उशिरा हसले, आणि मग तो सेकंद दिवसभर डोक्यात फिरत राहिला. इतकं बारीक लिहा. त्यांना मान्य करायला सांगू नका की ऑटिझम आहे. फक्त हे असं होतं हे त्यांना कळू दे.

डॉक्टरकडे जाऊन या वयात काय मिळणार? माझं प्रामाणिक मत, सगळ्यांनी जायलाच हवं असं नाही, पण तुम्ही जावं. कारण तुमची गाडी आता थकण्याच्या पुढे गेलेली दिसतेय, आणि तुमचा स्वतःवर विश्वास नाहीये, तुम्ही अर्ध्या पत्रात स्वतःवरच शंका घेतलीय. नीट तपासणी झाली की हो किंवा नाही, काहीतरी एक हातात येतं, आणि "नाही" आलं तरी मग नक्की काय आहे ते कळतं. रक्ताची किंवा मेंदूच्या स्कॅनची अशी कुठली टेस्ट नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तुमच्याशी बराच वेळ बोलतात, अनेकदा दोन-तीन बैठका, कधी एडीओएस-२ नावाची पद्धत वापरतात ज्यात ठरवून दिलेल्या गप्पा आणि छोटी कामं असतात, आणि लहानपणाबद्दल घरच्या कोणाला तरी विचारतात. म्हणून म्हटलं आईवर राग काढू नका. बोलायला कधी लागले, खेळायचे कशी, कशाला घाबरायचे, हे त्यांनाच माहीत असतं. आई नसतील किंवा सांगायला तयार नसतील तर मोठं भावंड, शाळेचे जुने प्रगतिपुस्तकावरचे शेरे, काहीही चालतं, त्यावाचून अडत नाही.

जाण्याआधी एकच विचारून घ्या, मोठ्या माणसांचं ऑटिझमचं निदान तुम्ही करता का, किती वेळा केलंय. फक्त लहान मुलं बघणारे बरेच आहेत. आणि दहा मिनिटांत "तुम्ही तर डोळ्यात बघून बोलताय, तुम्हाला काही नाही" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्याकडे जा, कारण ते डोळ्यात बघणंच तर तुम्ही पाठ केलंय. उलट "बरं करून देतो" म्हणणारे भेटले तर तिथूनही निघा. ऑटिझमवर औषध नाही, आणि तो काही घालवायचा आजारही नाही. चिंता, डिप्रेशन, झोप यांच्यावर मात्र चांगले उपचार आहेत आणि ते निदानाची वाट न बघता सुरू करता येतात. अंधारात बसल्यावर जगणंच नको असे विचार येत असतील तर तो वेगळा विषय, तेव्हा ऑटिझम-बिटिझम बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना गाठा, आणि घरात एकाला तरी सांगा.

ऑफिसात सांगू का? सध्या नको. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही, आणि बॉसच्या डोक्यात ऑटिझमचं कुठलं चित्र आहे ते तुम्हाला माहीत नाही. पण जे हवंय ते मागायला निदानाचं नाव लागतच नाही. मीटिंगचे मुद्दे आधी मेलवर द्या, तोंडी ठरलेलं नंतर दोन ओळीत लिहून पाठवा, लागोपाठ तीन मीटिंगा ठेवू नका, मला लक्ष देऊन काम करायचं असतं तेव्हा मी हेडफोन लावते. हे कोणीही म्हणू शकतं, उलट तुम्हीच टीम लीडर आहात तर तुमच्या टीमला हा नियमच करून टाका, चार जण मनातल्या मनात आभार मानतील. पुढे निदान झालं आणि एखादी सोय त्याशिवाय मिळतच नसेल, तर तेव्हा तिथले नियम बघून, ज्याच्यावर भरवसा आहे अशा एका माणसाला सांगा. लीडरची जागा नकोच वाटत असेल तर ती सोडून परत आधीच्या कामावर जाणं हाही पर्याय आहे, लोक याला हार म्हणतात, मी नाही म्हणत, पण निदान महिनाभर झोप नीट झाल्यावर मग ठरवा, थकलेलं असताना नोकरीचे निर्णय घेऊ नयेत.

बाथरूममधल्या अंधाराबद्दल तुम्ही लाजत लिहिलंय. तो चालू ठेवा. फक्त चोरून नको, घरी सांगून करा, आल्यावर अर्धा तास मला कोणी हाक मारायची नाही म्हणून. आणि बाथरूमपेक्षा बरी जागा शोधा हो.

राहिली मुलगी. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तुमच्या मनात आलं ते अगदीच चुकीचं नाही, पण माझ्यासारखी आहे म्हणजे तिलाही आहेच असं घरी बसून ठरवू नका. अनेक मुलं बुजरी असतात, अनेकांना एकटं खेळायला आवडतं. बघायचं ते तेच, वरून कशी दिसते ते नको. शाळेतून आली की रोज कोसळते का, रडते, दार लावून घेते, सुट्टीच्या दिवशी मात्र ठीक असते? मैत्रिणी नाहीत याचं तिला वाईट वाटतं की तुम्हालाच वाटतं? शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं का? असं काही असेल तर तिला आत्ताच दाखवा, तुमचं निदान होईपर्यंत थांबू नका. नसेल तर तिला उगीच तपासत बसू नका, तिला लगेच कळतं. आणि लेबलं टोचतात म्हणाली तर कापून द्या, "सवय कर" म्हणू नका.

आईशी बोलणं झालं की परत लिहा, त्यांनी तुमच्या लहानपणाबद्दल काय सांगितलं ते मला वाचायला आवडेल.